जंगलात पडलेलं लाकूड कुजतं कसं? अस्वल, उंदीर आणि वटवाघळांचा त्यात काय हात?

पावसाळा सुरू झाला की भीमाशंकरच्या जंगलात रात्री हिरवट चमकणाऱ्या लाकडांचे फोटो व्हायरल होतात. कुणाला तो चमत्कार वाटतो, कुणाला एडिटिंग. प्रत्यक्षात तो उजेड बुरशीचा असतो. मायसेना गटातली बुरशी ओल्या, मेलेल्या लाकडात वाढते आणि तिच्या पेशींमधल्या रासायनिक क्रियेतून मंद प्रकाश बाहेर पडतो. थोडक्यात, फोटोत चमकतंय ते कुजत असलेलं लाकूड.

लाकूड कुजवतं कोण, असं विचारलं तर बहुतेक जण बुरशी किंवा वाळवी असं उत्तर देतील आणि ते बरोबरच आहे. पण बुरशी लाकडापर्यंत पोहोचते कशी? वाळवीला आवर कोण घालतं? झाड उभं असतानाच वाळेल की आडवं होऊन, हे कोण ठरवतं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की अस्वल, बीव्हर, हत्ती, वटवाघूळ आणि चक्क एक छोटा उंदीर समोर येतो. यातलं कुणीही कुजकं लाकूड खाऊन जगत नाही. तरीही ते लवकर कुजेल की उशिरा, यात त्यांचा मोठा वाटा असतो.

आधी समजून घेऊ, लाकूड कुजतं म्हणजे काय होतं?

लाकूड मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांचं बनलेलं असतं. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या. लिग्निन त्यांना घट्ट चिकटवून ठेवतं आणि ते फोडणं फारच कठीण. ते पूर्णपणे फोडण्याचं रासायनिक कसब काही ठरावीक बुरशींकडेच आहे. शिवाय लाकडात नायट्रोजन अगदी नावापुरता असतो. त्यामुळे ढीगभर अन्न समोर असूनही पोषण कमी, अशी बुरशीची अवस्था असते.

तिसरी गोष्ट म्हणजे ओल. कोरड्या लाकडात बुरशी वाढत नाही. जुन्या वाड्यांमधले सागवानी खांब दोनशे वर्षं टिकतात, कारण सागाच्या लाकडात बुरशी आणि वाळवीला रोखणारी रसायनं असतात आणि वर छप्पर असतं. तोच खांब पावसात, मातीला टेकवून ठेवला तर त्याचं आयुष्य कितीतरी कमी होतं. लाकूड पूर्ण पाण्यात बुडालं तरी कुजणं मंदावतं, कारण तिथे ऑक्सिजन मिळत नाही. म्हणजे ओल हवी, पण हवाही हवी.

हे सगळं महत्त्वाचं का आहे, ते एका आकड्यावरून कळतं. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा खंडांमधल्या ५५ ठिकाणी संशोधकांनी लाकडाचे तुकडे ठेवले. काही उघड्यावर, काही कीटक आत जाऊ शकणार नाहीत अशा जाळीच्या पिंजऱ्यात. त्यांच्या अंदाजानुसार जगभरातल्या मेलेल्या लाकडातून वर्षाला सुमारे १०.९ अब्ज टन कार्बन मोकळा होतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि गॅस जाळून माणूस जेवढा कार्बन हवेत सोडतो, त्याहून हा आकडा थोडा जास्तच आहे. त्यातला २९ टक्के वाटा कीटकांमुळे आहे.

इथे घाबरून जाण्याचं कारण नाही. हा कार्बन सगळाच्या सगळा हवेत जात नाही, काही मातीत मुरतो. आणि नवी झाडं वाढताना हवेतला कार्बन पुन्हा घेत असतात. हे चक्र लाखो वर्षं चालू आहे. मुद्दा एवढाच की कुजण्याच्या वेगात छोटासा बदल झाला तरी हिशोब मोठा होतो.

झाड मेलं कसं, यावर पुढचं बरंच ठरतं

उत्तर अमेरिकेतला बीव्हर ओढ्यावर बांध घालतो. मागे पाणी साचतं, झाडांची मुळं बुडतात, त्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि काही वर्षांत झाडं उभ्या उभ्या वाळतात. उभं वाळलेलं झाड आणि पडलेलं झाड यांत खूप फरक असतो. उभं खोड वाऱ्याने सुकत राहतं आणि हळूहळू कुजतं. त्यात सुतार पक्षी ढोल्या करतात आणि त्या ढोल्यांमध्ये पुढे खारी आणि वटवाघळं राहायला येतात. बीव्हरने कुरतडून पाण्यात साठवलेल्या फांद्या मात्र चिखलात दीर्घकाळ टिकतात. एकाच प्राण्याने एकाच ओढ्यावर मेलेल्या लाकडाचे दोन वेगवेगळे साठे तयार केलेले असतात.

आफ्रिकेच्या सव्हानामध्ये हत्ती झाडं ढकलून पाडतात किंवा साल सोलतात. आडवं पडलेलं खोड जमिनीला टेकतं, म्हणजे ओल मिळते आणि वाळवीला रस्ताही मोकळा होतो.

अमेरिकेच्या वायव्य भागात हेच काम काळं अस्वल करतं, तेही भुकेपोटी. हिवाळा संपून अस्वल बाहेर पडतं तेव्हा जंगलात फळं नसतात. मग ते डग्लस फरसारख्या झाडांची साल नखांनी सोलून खालचा गोडसर थर दातांनी खरवडून खातं. साल चहूबाजूंनी निघाली तर झाड मरतं, अर्धवट निघाली तर जखमेतून बुरशी आत शिरते. लाकडाच्या कंपन्यांसाठी हे अस्वल म्हणजे डोकेदुखी. जंगलासाठी मात्र ते मेलेल्या लाकडाचा नवा पुरवठा आहे. एकाच घटनेला 'नुकसान' म्हणायचं की नाही, हे कुणाचं झाड होतं यावर ठरतं.

उन्हाळा सुरू झाला की हेच अस्वल पडलेल्या ओंडक्यांकडे वळतं. ओंडक्यात सुतार मुंग्यांची वसाहत असते. त्यांची अंडी आणि अळ्या म्हणजे अस्वलासाठी प्रथिनांची मेजवानी. पंजा घालून ते अख्खा ओंडका फाडतं, तुकडे इकडेतिकडे उडवतं. मागे राहतो भुसा आणि ढलप्या. ओल असलेल्या ठिकाणी हा भुसा झपाट्याने कुजतो, कारण बुरशीला चिकटायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. कोरड्या उतारावर उलट घडू शकतं. फुटलेलं लाकूड उन्हात सुकतं आणि बुरशी थांबते. त्यामुळे अस्वलाने ओंडका फोडला म्हणजे तो लवकर कुजणारच, असं सरसकट म्हणता येत नाही.

ओरेगॉनचा उंदीर आणि २०० वर्षांचा प्रयोग

या विषयावरचं सगळ्यात रंजक काम अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात झालं आहे. तिथे कॅस्केड पर्वतरांगेत एच. जे. अँड्र्यूज हे प्रायोगिक जंगल आहे. १९८५ मध्ये मार्क हार्मन या शास्त्रज्ञाने तिथे चार जातींच्या झाडांचे पाचशेहून अधिक ओंडके जंगलात मांडले. हे ओंडके कसे कुजतात, ते पाहायचं होतं. प्रयोगाचा नियोजित कालावधी किती? २०० वर्षं. प्रयोग सुरू करणारा शास्त्रज्ञच काय, त्याच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थीही तो संपलेला पाहणार नाहीत. पण पर्याय नव्हता. तिथला डग्लस फरचा जाडजूड ओंडका पूर्ण मातीत मिसळायला तेवढा वेळ घेऊ शकतो.

इतकी वर्षं पडून राहिलेला ओंडका तिथे काय करतो? ओरेगॉनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. कुजत आलेला ओंडका स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. आजूबाजूची माती भेगाळते तेव्हाही ओंडका आतून ओला असतो. म्हणून हेमलॉक झाडाची रोपं जमिनीपेक्षा ओंडक्यावरच जास्त जोमाने रुजतात. जुन्या जंगलात काही ठिकाणी मोठी झाडं एका सरळ रेषेत उभी दिसतात. ती कुणी लावलेली नसतात. एके काळी तिथे एक ओंडका पडलेला होता, त्यावर ही सगळी उगवली.

आता उंदराकडे येऊ. खरं तर तो व्होल, म्हणजे उंदराचाच आखूड शेपटीचा नातेवाईक. तिथला लाल पाठीचा व्होल या ओंडक्यांखाली आणि आत बोगदे करून राहतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे ट्रफल. ट्रफल हे जमिनीखाली वाढणारं बुरशीचं फळ. नेहमीची भूछत्रं हवेत बीजाणू सोडतात, ट्रफलला ते जमत नाही. मग ते पिकलं की तीव्र वास सोडतं. वासावर व्होल येतो, उकरून खातो आणि बीजाणू त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडून लेंडीसोबत दुसरीकडे पोहोचतात. फळ खाऊन बी टाकणाऱ्या पक्ष्याची गोष्ट आपल्याला माहीत असते, ही तिचीच जमिनीखालची आवृत्ती.

इथे एक गल्लत टाळायला हवी. ट्रफलची बुरशी लाकूड कुजवणारी नाही. ती जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करते. मुळांना पाणी आणि खनिजं मिळवून देते, बदल्यात साखर घेते. मग कुजणाऱ्या लाकडाशी तिचा संबंध काय? आधी दुसऱ्या बुरशींनी ओंडका मऊ केलेला असतो. त्यात हेमलॉकच्या रोपांची मुळं शिरतात आणि मुळांसोबत ही भागीदार बुरशी हवी असते. व्होलची ये-जा नेमकी तिथेच असते. त्याच्या लेंडीत बीजाणू तर असतातच, शिवाय हवेतला नायट्रोजन बांधणारे जिवाणूही असतात. लाकडात ज्याची सगळ्यात मोठी चणचण, त्याचीच सोय त्या इवल्याशा लेंडीत. पुढच्या रोपाला लागणारा पूर्ण संच व्होल घरपोच देतो म्हणा ना.

क्रिस मेझर, जेम्स ट्रॅपी आणि रोनाल्ड नसबॉम यांनी १९७८ मध्ये ओरेगॉनच्या जंगलातल्या लहान सस्तन प्राण्यांचा आणि बुरशीचा हा संबंध सविस्तर मांडला. त्यातून वनव्यवस्थापनाला एक अडचणीचा निष्कर्ष मिळाला. जंगलाची सरसकट तोड केली की झाडांबरोबर त्यांची भागीदार बुरशी जाते, ट्रफल संपतात आणि मग व्होलही नाहीसा होतो. त्यानंतर तिथे नवी रोपं उगवायची तर बुरशी आणून देणारं कुणी उरलेलं नसतं. त्या काळी तोड झालेल्या जागेवरचे उरलेसुरले ओंडके 'कचरा' म्हणून जाळायची पद्धत होती. पुढच्या दशकांत अमेरिकेच्या सरकारी जंगलांत तोडीनंतरही काही ओंडके आणि वाळलेली झाडं मुद्दाम मागे ठेवण्याचे नियम आले, त्यामागे अशा संशोधनाचा हात होता.

जाता जाता आणखी एक. उत्तर अमेरिकेतली लाल खार भूछत्रं तोडून झाडाच्या फांद्यांवर चक्क वाळत घालते. आपल्याकडे गच्चीवर कुरडया वाळत घालाव्यात तसं. हिवाळ्याची बेगमी.

पोकळ झाडात वटवाघूळ कशाला?

जंगलातली कितीतरी जिवंत झाडं आतून पोकळ असतात. मधलं लाकूड तसंही मृतच असतं. ते कुजलं तरी बाहेरचा थर झाडाला जिवंत ठेवतो. पण मुळात झाड आपला गाभा कुजू का देतं?

अमेरिकन परिसंस्थातज्ज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये एक धाडसी कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं होतं की उष्ण प्रदेशातल्या झाडांना पोकळ गाभा परवडतो, किंबहुना फायद्याचाच ठरू शकतो. पोकळीत वटवाघळं आणि उंदीर राहतात. त्यांची विष्ठा आतच साचते. कुजलेल्या लाकडात ती मिसळली की झाडाच्या बुंध्यातच खताचा खड्डा तयार होतो. बाहेर रात्रभर उडून गोळा केलेलं पोषण वटवाघूळ रोज एकाच झाडाच्या पोटात आणून टाकतं. प्रत्येक पोकळ झाडाला हे लागू होईल असं नाही. पण मेलेल्या लाकडात नायट्रोजन कुठून येतो, या प्रश्नाचं हे एक ठोस उत्तर आहे.

वाळवी खाणारे: अस्वल आणि खवल्या मांजर

आता आपल्याकडच्या जंगलात येऊ. उष्ण प्रदेशात लाकूड कुजवण्यात बुरशीच्या खांद्याला खांदा लावून वाळवी उभी असते. बोर्निओच्या वर्षावनात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेलेलं लाकूड संपवण्याचं निम्म्याहून अधिक काम वाळवी करते असं दिसलं. २०२२ मध्ये जगभरातल्या १३३ ठिकाणांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. तापमान १० अंशांनी वाढलं तर वाळवीचं लाकूड फस्त करण्याचं प्रमाण ६.८ पटींहून अधिक वाढतं. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत ते साधारण दुप्पट होतं. तापत्या जगात वाळवीचं महत्त्व वाढणार, असा याचा अर्थ.

आणि वाळवीवर जगणारे आपल्याकडचे दोन मोठे प्राणी म्हणजे अस्वल आणि खवल्या मांजर.

मेळघाट, ताडोबा आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दिसणारं अस्वल हे फळं, मध, मुंग्या आणि वाळवीवर जगतं. त्याच्या शरीराची रचनाच त्यासाठी झाली आहे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसतात, त्यामुळे तोंडाची नळी होते. नाकपुड्या मिटता येतात, म्हणजे धूळ आत जात नाही. लांब नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि वाळवी शोषून घ्यायची. हा आवाज बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. वाळवी लागलेलं कुजकं लाकूडही ते असंच उपसतं.

खवल्या मांजराला दातच नसतात. लांब चिकट जीभ आणि दणकट नखं एवढ्याच भांडवलावर ते मुंग्या आणि वाळवी टिपतं. कोकणात आणि सह्याद्रीत ते आजही आहे, पण खवल्यांसाठी होणाऱ्या तस्करीमुळे सगळीकडेच संकटात आहे.

मग हे प्राणी लाकूड कुजणं थांबवतात की वाढवतात? दोन्ही. वाळवी खाल्ली की त्या जागेपुरतं लाकूड कमी फस्त होतं. पण वारूळ आणि ओंडके उकरल्यामुळे पाणी, हवा आणि बुरशी आत शिरते, मातीही वरखाली होते. रानडुक्कर हेच काम नाकाने करतं. कंदमुळं आणि किडे शोधताना ते पालापाचोळा, कुजकं लाकूड आणि माती एकत्र कालवून टाकतं.

लाकूडही प्राण्यांवर परिणाम करतं

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियालोव्हेझा हे युरोपातल्या सखल प्रदेशातलं सर्वांत जुन्या जंगलांपैकी एक जंगल आहे. युरोपियन गवा, म्हणजे बायसन, १९१९ मध्ये तिथल्या जंगलातून संपला होता. प्राणिसंग्रहालयांतल्या जनावरांपासून वाढवलेले बायसन १९५२ मध्ये पुन्हा तिथे मोकळे सोडले गेले. लांडगे आणि हरणंही तिथे आहेत.

तिथल्या संशोधकांना दिसलं की पडलेल्या ओंडक्यांच्या आसपास ओकची रोपं जास्त तगतात. कारण साधं आहे. हरणाला तिथे चरणं धोक्याचं वाटतं. आडव्यातिडव्या लाकडांमुळे लांडगा दिसत नाही आणि दिसला तरी पळायला वाट नाही. त्यामुळे हरीण तिथे कमी थांबतं आणि रोप वाचतं. आपण काटेरी फांद्यांचं कुंपण घालतो, तसं हे जंगलाचं स्वतःचं कुंपण. पण ते चालतं ते लांडगा असेल तरच नीट.

याच जंगलात २०१६ मध्ये पोलंड सरकारने तोडीची मर्यादा जवळपास तिप्पट केली. स्प्रूस झाडांना भुंगेऱ्याची कीड लागली आहे, मेलेली झाडं काढायलाच हवीत, असा युक्तिवाद होता. पर्यावरण कार्यकर्ते आणि अनेक शास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले. प्रकरण युरोपीय महासंघाच्या न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१८ मध्ये ही तोड बेकायदा ठरली. वाद शेवटी एकाच प्रश्नाचा होता: मेलेलं झाड हा रोग आहे की जंगलाचाच भाग?

भारतात काय नियम आहे?

भारतात या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच भूमिका घेतली होती. गोदावर्मन खटल्यात १४ फेब्रुवारी २००० रोजी न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांमधून मेलेली, रोगट, मरणासन्न किंवा वाऱ्याने पडलेली झाडं, वाहून आलेलं लाकूड आणि गवत काढण्याचे आदेश द्यायला राज्य सरकारांना मनाई केली. वाघांच्या जंगलात पडलेलं सागवान लिलावाला जात नाही, त्यामागे हा आदेश आहे.

अस्वलाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांसाठी प्रश्न इतका सोपा नव्हता. त्यांची चूल सुक्या लाकडावर चालते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस जोडण्या पोहोचल्या. तरी सिलिंडर पुन्हा भरायचा खर्च परवडत नाही तिथे डोक्यावरची मोळी गेलेली नाही. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला आहे आणि त्या व्याख्येत बांबूबरोबर काटक्या-झुडपं आणि झाडांचे बुंधेही येतात.

वणव्याचा मुद्दाही नेहमी पुढे येतो. सुकं लाकूड पडून राहिलं तर आग लागणार, म्हणून ते काढा. यात अर्धंच तथ्य आहे. वणवा पसरतो तो मुख्यतः सुकं गवत, पाला आणि बारीक काटक्यांमधून. जाड ओंडका सहजासहजी पेट घेत नाही. पेटला तर मात्र दिवसेंदिवस धुमसत राहतो आणि विझवणाऱ्यांची दमछाक करतो. ओला, अर्धा कुजलेला ओंडका तर पेटणं आणखी अवघड.

मोळीत जातं ते बहुतांशी मनगटाएवढं किंवा त्याहून बारीक लाकूड. ते जंगलात राहिलं असतं तरी आपल्या उष्ण, दमट हवेत काही वर्षांत संपलंच असतं. मुंग्यांच्या वसाहती, ढोल्या, पाणी धरून ठेवणारा स्पंज आणि अस्वलाचं खाणं असतं ते जाड खोडात. ते डोक्यावरून नेता येत नाही. त्यासाठी ट्रक लागतो आणि बाजारात भावही त्यालाच मिळतो. २००० सालच्या आदेशात मात्र मोळीतलं लाकूड आणि ट्रकमधलं लाकूड यांत फरक केलेला नाही.